जमीन, हवा आणि समुद्र: वऱ्हाडातून शिकायचे पृथ्वीविज्ञान

पृथ्वीविज्ञानात तीन शाखा एकत्र येतात. भूशास्त्र खडक, खनिजे, माती आणि भूजलाचा अभ्यास करते. वातावरणशास्त्र वारा, पाऊस आणि तापमानाचा विचार करते, तर समुद्रशास्त्र महासागराचे पाणी, प्रवाह, जीवसृष्टी आणि तळ तपासते. पदवीच्या वर्गात या शाखांची पुस्तके वेगळी असली तरी निसर्गात त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. वऱ्हाडाला समुद्रकिनारा नाही. पण इथल्या कपाशीवर आणि संत्र्याच्या बागांवर पडणारा पाऊस समुद्रावरून येतो. तो ज्या काळ्या जमिनीत मुरतो ती लाव्हाच्या खडकापासून झाली आहे, आणि विहिरीला पाणी किती व कसे लागेल हे खालचे थर ठरवतात. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या विद्यार्थ्याला हा सगळा अभ्यासक्रम आपल्या परिसरात पडताळून पाहता येतो.

काळा पाषाण आणि काळी माती

भूशास्त्राच्या पहिल्या वर्षात खनिजे आणि खडक ओळखायला शिकवतात. वऱ्हाडातला मुख्य खडक बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला आणि थंड झाला. हे पुन्हा पुन्हा घडून थरांवर थर चढले. आजही हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भागावर पसरलेला आहे. प्रत्येक थराचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र असतो आणि मधला भाग घट्ट. वरच्या पोकळ्यांत पुढे झिओलाइट, क्वार्ट्झ आणि कॅल्साइटचे स्फटिक वाढतात. कॅल्साइटवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फेस येतो. क्वार्ट्झवर येत नाही. पुढे त्याच खडकाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप करून तो ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. एवढ्या पातळ कापातून प्रकाश आरपार जातो आणि बहुतेक खनिजे आपापल्या रंगांनी ओळखू येतात.

बेसाल्ट झिजला की आधी मुरूम होतो आणि पुढे काळी माती. या मातीतली स्मेक्टाइट गटाची चिकणमातीची खनिजे पाणी शोषून फुगतात आणि सुकली की आकसतात. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या रुंद भेगांचे कारण हेच आहे. ही माती ओल धरून ठेवते, म्हणून कोरडवाहू कपाशी तिच्यात तग धरते.

सालबर्डी आणि लोणार

भूशास्त्राची खरी परीक्षा क्षेत्रभेटीत होते. हातोडी, भिंग, होकायंत्र, नकाशा आणि नोंदवही घेऊन विद्यार्थी खडकांचे थर शोधतात, त्यांचा उतार मोजतात आणि नकाशावर मांडतात. मोर्शी तालुक्यात मध्य प्रदेशच्या सीमेवर असलेली सालबर्डी या कामासाठी फार मोलाची जागा आहे. तिथे बेसाल्टच्या खाली दडलेले जुने थर उघडे पडले आहेत: गोंडवाना काळातले वालुकाश्म आणि त्यावर लॅमेटा थर. या लॅमेटा थरांत डायनोसॉरची हाडे सापडली आहेत. लाव्हा येण्यापूर्वी इथे नद्या वाहत होत्या आणि अजस्र प्राणी वावरत होते, हे विद्यार्थ्याला त्या दगडांतच वाचता येते.

बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर उल्कापाताने बेसाल्टमध्ये झालेल्या विवरात आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. आघाताच्या प्रचंड दाबाने खडकातल्या फेल्डस्पारचे काचेसारखे मॅस्केलिनाइट झाले. १९७० च्या दशकात मिळालेल्या अशा पुराव्यांनी उल्केचा सिद्धान्त पक्का केला. विवराच्या वयाबद्दल मात्र मतभेद आहेत. एका पद्धतीने ते सुमारे ५० हजार वर्षे येते, तर आर्गॉन समस्थानिकांच्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. काळ मोजण्याची प्रत्येक पद्धत काय गृहीत धरते आणि कुठे चुकू शकते, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण जवळपास नाही. सरोवराचे पाणी खारे आणि अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले तेव्हा खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव त्यामागे असल्याचे तपासणीत आढळले. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला.

पूर्णेचा गाळ आणि खारे पाणी

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या भ्रंशामुळे दक्षिणेकडचा भाग खचला आणि त्या खोलगट भागात पूर्णा नदीने शेकडो मीटर जाडीचा गाळ साठवला. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतला खारपाणपट्टा याच गाळावर आहे. इथल्या भूजलात क्षार इतके असतात की अनेक गावांत ते पिण्यालाही चालत नाही आणि ओलितालाही. असे पाणी सतत दिल्यास सोडियम वाढून जमीन चोपण होते आणि पाणी मुरेनासे होते. क्षार आले कुठून, याची उत्तरे गाळाची रचना, मंद निचरा आणि पूर्वीच्या कोरड्या हवामानातले बाष्पीभवन यांत शोधली जातात. म्हणून या भागात पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात धरण्याला विशेष महत्त्व आहे.

वरुड आणि मोर्शीचा संत्रापट्टा वेगळा धडा देतो. तिथे पाणी गोडे आहे, पण उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त झाल्याने पातळी खोल गेली आणि बोअरवेलही खोल खोल होत गेल्या. पावसातून जमिनीत किती पाणी मुरते आणि किती उपसता येते याचा हिशेब मांडणे हा जलभूशास्त्राचा गाभा आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा त्यासाठी निरीक्षण विहिरींची पातळी नियमित मोजते.

अकोल्याचे ऊन, समुद्राचा पाऊस

वातावरणशास्त्राचा पाया भौतिकशास्त्र आणि गणितात आहे. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटर उंचीवर आहे आणि सातपुड्यातले चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर. दर किलोमीटर उंचीला तापमान सरासरी ६.५ अंशांनी घटते. या नियमाने दोन ठिकाणांत पाच अंशांचा फरक निघतो. चिखलदऱ्यात पाऊसही अकोल्याच्या जवळपास दुप्पट पडतो, कारण डोंगर चढताना हवा थंड होते आणि बाष्पाचे ढग बनतात. मे महिन्यात निरभ्र आकाश, कोरडे वारे आणि सुकलेली जमीन यांमुळे अकोला वारंवार ४५ अंशांपर्यंत तापते. मे २०२४ मधल्या उष्णतेच्या लाटेत तिथे जमावबंदीचे आदेश काढावे लागले होते. अशा लाटेचा अंदाज आधी मिळाला तर जीव वाचतात.

विदर्भाला पावसाळ्यात बराचसा पाऊस बंगालच्या उपसागरातून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे मिळतो. त्या समुद्राचे तापमान, वाऱ्यातले बाष्प आणि प्रशांत महासागरातला एल निनो, म्हणजे तिथले पाणी नेहमीपेक्षा जास्त तापण्याची स्थिती, या सगळ्यांचा हिशेब मोसमी पावसाच्या अंदाजात धरावा लागतो. एल निनो सक्रिय असलेल्या २०२३ मध्ये ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. उलट २०१९ मध्ये हिंदी महासागराच्या पश्चिम भागातले पाणी पूर्व भागापेक्षा बरेच तापले होते आणि देशात सरासरीहून जास्त पाऊस झाला.

समुद्रशास्त्रात पाण्याची क्षारता, घनता, प्रवाह, रसायने आणि जीव यांचा एकत्र अभ्यास होतो. एक किलो समुद्रजलात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. अर्गो नावाची स्वयंचलित तरंगती उपकरणे २,००० मीटर खोल जातात, दर दहा दिवसांनी वर येतात आणि तापमान व क्षारता उपग्रहामार्फत कळवतात. हैदराबादचे ‘इन्कॉइस’ केंद्र भारतातर्फे हे काम पाहते.

शिक्षण आणि काम

बारावी विज्ञानानंतर बी.एस्सी.ला भूशास्त्र घेता येते. १९२३ मध्ये किंग एडवर्ड कॉलेज म्हणून सुरू झालेल्या अमरावतीच्या शासकीय विदर्भ ज्ञानविज्ञान संस्थेत हा विषय आहे, आणि संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात भूशास्त्राचा पदव्युत्तर विभाग आहे. अकोल्यात १९६९ मध्ये स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कृषी पदवीच्या अभ्यासात मृदाशास्त्र आणि कृषी हवामानशास्त्र शिकवले जाते, आणि शेतकऱ्यांसाठी हवामानावर आधारित सल्लाही तिथून दिला जातो.

पुढच्या वाटा वऱ्हाडाबाहेर जातात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्र, गोवा विद्यापीठात समुद्रविज्ञान आणि मुंबईच्या आयआयटीत पृथ्वीविज्ञान शिकता येते. आयआयटीतल्या एम.एस्सी.साठी ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा असते. संशोधनासाठी पुण्यात १९६२ पासूनची भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे आणि गोव्यात १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. एम.एस्सी.नंतर केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून १८५१ पासूनच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात किंवा केंद्रीय भूजल मंडळात जाता येते. दोन्हींची विभागीय कार्यालये नागपुरात आहेत. खाणकाम, धरणे व बोगद्यांची पाहणी, उपग्रह चित्रांवरून नकाशे करणे आणि पीकविमा या क्षेत्रांतही हे ज्ञान लागते.

या अभ्यासाला गणिताची भीती सोडावी लागते, उन्हात चालावे लागते आणि आकडे जपून नोंदवावे लागतात. भौतिकशास्त्र आणि गणित सुरुवातीपासून पक्के ठेवले तर तिन्ही शाखांचे दरवाजे उघडे राहतात. संगणकावर आकडेवारी हाताळणे आणि जीआयएस ही नकाशांची संगणकप्रणाली पदवीच्या काळातच शिकून घ्यावे. वऱ्हाडातल्या गावांना पाण्याचा ताळेबंद, जमिनीची तपासणी आणि पावसाचा भरवशाचा अंदाज या तीन गोष्टींची तातडीने गरज आहे; ते काम इथली माती आणि इथले पाणी ओळखणारे पदवीधर सर्वांत चांगले करू शकतात.