ग्रंथपालाची नवी अक्षरओळख

बडोद्याच्या मराठी माणसाला ग्रंथालयाचे महत्त्व पटवून देण्याचे कारण नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम ॲलन्सन बॉर्डन नावाचा ग्रंथपाल अमेरिकेहून मुद्दाम बोलावून आणला, मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीचा पाया घातला, आणि खेडोपाडी लाकडी पेट्यांतून पुस्तके धाडली, ही कथा आपल्या घराघरांत आजोबांच्या तोंडून ऐकलेली आहे. तथापि या कथेतला एक भाग जुन्या मंडळींच्याही विस्मरणात गेलेला दिसतो. बॉर्डनने १९११ साली येथे ग्रंथालयशास्त्राचा वर्ग काढला. हिंदुस्थानात अशा प्रकारचा तो पहिलाच वर्ग. त्याच्यामागून जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी ते काम पुढे चालविले, आणि १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे त्रैमासिक इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत निघू लागले. तेव्हा ग्रंथपालाने पुन्हा विद्यार्थी होऊन बाकावर बसावे, ही बडोद्याची जुनी रीतच म्हणावयाची.

त्या रीतीला अनुसरून मीही वयाची साठी उलटल्यावर पुन्हा बाकावर बसलो. विषय होता इंटरनेटची मूलतत्त्वे आणि ग्रंथालयाच्या कामासाठी वेबपान तयार करण्याची विद्या. दहा शनिवारांचा वर्ग. विद्यार्थी आम्ही सात-आठ जण, बहुतेक सर्व लहान वाचनालयांतले. आणि शिकविणारी ग्रंथालयशास्त्राची पदवी नुकतीच घेतलेली एक गुजराती मुलगी, जी आम्हा सर्वांना ‘काका’ म्हणे आणि आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोले. दांडिया बाजारात वाढलेल्या मुलांचे हे असेच असते.

हा खटाटोप हौसेखातर केलेला नाही, हे आधी सांगावयास हवे. रावपुऱ्याच्या बाजूच्या ज्या जुन्या वाचनालयाची नोंदवही मी सांभाळतो, तेथे वर्तमानपत्रे चाळावयास चार-पाच वृद्ध गृहस्थ येतात. पुस्तक घरी नेणारा सभासद आठवड्यातून एखादाच. मुले पुण्याला, बेंगळुरूला, अमेरिकेला. विश्वस्तांच्या बैठकीत दोनदा असा विचार निघाला की इमारत दुरुस्तीला आली आहे, पुस्तके कोणी नेत नाही, तर ती एखाद्या संस्थेला देऊन टाकावी. आणि संस्थेने घेतली नाहीत तर... पुढचे वाक्य कोणी पुरे केले नाही. पस्तीवाला आमच्या गल्लीत रोज येतो.

त्या बैठकीत मी एवढेच म्हणालो होतो की पुस्तके कोणाला नको आहेत, हे ती आपल्याकडे आहेत असे लोकांना कळल्यावरच ठरविता येईल. तेव्हा कोणी विचारले, “मग कळवा ना. अडवले कोणी?” त्या प्रश्नामुळे मी वर्गात नाव घातले.

पहिल्या दोन शनिवारी इंटरनेट म्हणजे काय ते झाले. ते ऐकताना मला पदोपदी वाटत होते की ही मंडळी आपल्याच धंद्यातली गोष्ट नव्या नावाने सांगत आहेत. जगातले संगणक एकमेकांना तारांनी जोडलेले. प्रत्येकाला एक क्रमांक. आपण नाव सांगावयाचे आणि मध्ये एक यंत्रणा त्या नावावरून क्रमांक शोधून देते. तालिकापत्रावर ग्रंथाचे नाव पाहून बोधांक घ्यावा आणि कपाटाकडे जावे, तसेच. मागितलेला मजकूर अखंड येत नाही. त्याचे लहान लहान तुकडे पडतात, प्रत्येकावर क्रमांक व पत्ता असतो, ते वेगवेगळ्या वाटांनी येतात आणि मुक्कामी पुन्हा क्रमाने जुळतात. एक तुकडा हरवला तर तेवढाच पुन्हा मागवितात. महाराजांच्या फिरत्या पेट्या आठवाव्यात.

वेब ही इंटरनेटवर चालणारी एक व्यवस्था आहे, इंटरनेट नव्हे, हा भेद मात्र मला नवीन होता. टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थाने १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत तिची कल्पना मांडली. आरंभी त्या संस्थेत तिचा रोजचा उपयोग काय, तर टेलिफोनची यादी पाहण्याचा! पुढची हकीकत ग्रंथपालांनी अभिमानाने सांगण्याजोगी आहे. युरोपाबाहेरचा पहिला वेब सर्व्हर डिसेंबर १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या प्रवेगक केंद्रात सुरू झाला. पॉल कुन्झ या भौतिकशास्त्रज्ञाने ती कल्पना जिनिव्हाहून आणली आणि तेथल्या ग्रंथपाल लुईझ ॲडिस यांनी ती उचलून धरली, कारण ग्रंथालयाजवळ भौतिकशास्त्रातील लेखांची मोठी सूची होती आणि दूरदूरच्या अभ्यासकांना ती पाहावयास हवी होती. म्हणजे वेब अमेरिकेत पोचली ती ग्रंथसूचीचे बोट धरून. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ती सर्वांना विनामूल्य वापरू दिली, आणि आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ पासून सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागले. आमच्या वाचनालयापर्यंत यावयास तिला जरा अधिक वेळ लागला, इतकेच.

वेबपान करणे म्हणजे चित्रकला असावी अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ते पाहून मला तालिकापत्रे लिहिण्याचे दिवस आठवले. एचटीएमएल नावाची जी खुणांची पद्धत आहे, तिच्यात मजकुराच्या प्रत्येक भागाला तो काय आहे ते सांगावयाचे असते: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा दुवा. आरंभी एक खूण, शेवटी तीच खूण तिरक्या रेघेसह. तालिकापत्रावर लेखक कोठे, शीर्षक कोठे, दाखलक्रमांक कोठे याची जागा ठरलेली असे. येथे जागेऐवजी खूण आहे. दुवा तर आमच्या ‘हेही पाहा’ या नोंदीचाच धाकटा भाऊ. फरक इतकाच की वाचकाला उठून दुसऱ्या कप्प्याकडे जावे लागत नाही.

आमच्यापैकी एका गृहस्थांनी शीर्षक शोभावे म्हणून साधा परिच्छेदच टपोऱ्या अक्षरांत केला. बाई म्हणाल्या, “काका, मोठे अक्षर म्हणजे शीर्षक नाही होत. हे शीर्षक आहे असे आधी सांगा. मोठे, लाल, मधोमध, ते सगळे नंतर, वेगळ्या कागदावर.” हा ‘वेगळा कागद’ म्हणजे सीएसएस, त्यात केवळ रूप सांगतात. हा आग्रह कशासाठी, ते त्यांनी एका अंध विद्यार्थ्याचा फोन आमच्यासमोर ठेवून दाखविले. पान वाचून दाखविणारी आज्ञावली खुणांवरूनच शीर्षकाकडून शीर्षकाकडे उडी घेते. पानाच्या माथ्यावर भाषा मराठी म्हणून नोंदविली असेल तर योग्य तो आवाज निवडणे तिला सुलभ जाते. नाहीतर आपली ‘ज्ञानेश्वरी’ साहेबी उच्चारात ऐकण्याची पाळी येते. आमच्या सभासदांपैकी कितीजणांचे मोतीबिंदू झाले आहेत, हे लक्षात घेता मला ही बाब रंगसंगतीपेक्षा फार मोलाची वाटली.

आता जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, त्याकडे वळतो. तो आहे मराठी अक्षरांचा.

आमची ग्रंथयादी पंचवीसएक वर्षांपूर्वी संगणकावर टंकलिखित केलेली होतीच. ती उघडली तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरे व प्रश्नचिन्हे. कारण असे की त्या काळचे बहुतेक मराठी टंक हे इंग्रजी अक्षरांवर चढविलेले सोंग होते. आत साठविलेले असे इंग्रजी अक्षर, वर दिसे देवनागरी. तो टंक ज्या यंत्रावर नाही, तेथे सोंग उतरले. युनिकोडने प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. देवनागरीच्या मुख्य विभागात अशा १२८ जागा आहेत. मराठीतला अर्धा ‘र’, म्हणजे ‘तऱ्हा’मधला, त्यासाठीही तेथे स्वतंत्र अक्षर आहे. मोडीलाही २०१४ साली तेथे स्थान मिळाले. यादी युनिकोडमध्ये असली तरच शोधणाऱ्याला सापडते. यादीचे छायाचित्र काढून पानावर चिकटविणारी वाचनालये मी पाहिली आहेत. त्या चित्रातले एक अक्षरही साध्या शोधाच्या हाती लागत नाही.

बरे, युनिकोड झाले म्हणजे काम झाले असेही नाही. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या ग्रंथमालेचे नाव पाहा. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार गेले. आजचा विद्यार्थी ‘साधने’ लिहून शोधणार, आणि साध्या शोधपेटीला ‘साधने’ व ‘साधनें’ हे दोन निराळे शब्द. पुस्तक कपाटात आहे, नोंदही आहे, तरी उत्तर येते ‘आढळले नाही’. जुन्या मराठी संग्रहात अशी नावे शेकड्यांनी असावयाची. म्हणून आम्ही ठरविले की मुखपृष्ठावर जसे छापले आहे तसे नाव एकदा, आणि चालू लेखनपद्धतीने एकदा, अशी दुहेरी नोंद करावयाची. शिवाय लेखकाचे नाव आद्याक्षरांसह व पूर्ण, दोन्ही प्रकारे. हे काम यंत्रावर सोपविण्यासारखे नाही. ज्याने ती जुनी पुस्तके हाताळली आहेत तोच ते करू जाणे.

वर्णक्रमाचीही एक गंमत आहे. शाळेत आपण ‘ह’ नंतर ‘ळ’ शिकलो. युनिकोडच्या क्रमांकांत मात्र ‘ळ’ हा ‘ल’ला लागून, ‘व’च्या आधी बसला आहे. केवळ क्रमांकांवर विसंबून यादी लावली की ‘काळ’ हे नाव ‘काव्य’च्या आधी येते, आणि जुना सभासद म्हणतो, “यादी चुकली.” संगणकाला मराठी वर्णक्रम पाळावयास सांगण्याची सोय आहे, ती वापरावी लागते, आपोआप होत नाही.

खर्चाचा प्रश्न विश्वस्तांनी अपेक्षेप्रमाणे विचारला. त्यांना मी आकडा मांडून दाखविला. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे एक अक्षर तीन बाइट जागा घेते. एका ग्रंथाच्या नोंदीला शंभर अक्षरे धरली तर तीनशे बाइट, आणि दहा हजार ग्रंथांना तीस लाख. हल्लीच्या फोनवर नातवाचा एक चांगला फोटो काढला तर तोही एवढीच जागा घेतो! पूर्ण देवघेव संगणकावर न्यावयाची तर कोहा नावाची आज्ञावली आहे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी ती तयार झाली, २००० सालापासून वापरात आहे, आणि ती विनामूल्य मिळते. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. परंतु आठवड्याला एक पुस्तक देणाऱ्या वाचनालयाने त्या फंदात तूर्त पडू नये असे माझे मत आहे. आम्हाला हवी आहे यादी, आणि तिच्याखाली वेळ व पत्ता.

पान गेल्या पावसाळ्यात सुरू झाले. दिसावयास ते अगदी साधे आहे. एका विश्वस्तांनी “हे तर पंचांगासारखे दिसते” असा शेरा मारला, तो मी स्तुती म्हणून घेतला. दिवाळीनंतर एका दूरच्या विद्यापीठातील अभ्यासक बाईंचे पत्र आले. श्री सयाजी साहित्यमालेतील एक पुस्तक त्या दीड वर्ष शोधत होत्या. ते आमच्या यादीत दिसले, ते खरोखरच आहे काय? या मालेतली पुस्तके महाराजांच्या आश्रयाने मराठीत व गुजरातीत निघाली, आणि आपल्यापैकी कित्येकांच्या घरी ती फडताळात पडून आहेत. पुस्तक होते. बाई स्वतः आल्या, दोन दिवस बसून टिपणे काढली, आणि जाताना आणखी नऊ पुस्तकांची नावे लिहून गेल्या. त्यांतली चार आमच्याकडे निघाली. विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीत पुस्तके देऊन टाकण्याचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर आला नाही. तो कायमचा मिटला असे मी समजत नाही. छपराचे काम अजून व्हावयाचे आहे.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी संग्रहांची अवस्था याहून फार निराळी नसावी. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी रियासत लिहावयास घेतली ती बडोद्याच्या नोकरीत. तंजावरच्या सरस्वती महालात मराठी हस्तलिखिते आहेत. इंदूर-ग्वाल्हेरच्या जुन्या वाड्यांत काय काय असेल ते ज्याचे त्याला ठाऊक. पुण्या-मुंबईच्या अभ्यासकाने आपल्याकडे काय आहे हे ओळखावे अशी अपेक्षा करण्यापेक्षा यादी आपणच मांडलेली बरी.

आमचे काम सध्या ‘प’च्या कपाटापर्यंत आले आहे. ‘म’चे कपाट सर्वांत मोठे, आणि त्याच्या तळच्या फळीवर मोडी कागदांची तीन बासने आहेत, त्यांची नोंद करावयास मोडी जाणणारे कोणी हवे आहे. घरात वडिलांची वा आजोबांची पुस्तके असतील तर ती देऊ नका हवे तर. नुसती नावे, छापल्यासाल व छापखाना लिहून आणा, म्हणजे कोणते पुस्तक कोणाकडे आहे याची एक पुरवणी यादी करता येईल. मालकाचे नाव पानावर जाणार नाही, वाचनालयाच्या वहीत राहील. दर शनिवारी दुपारी चार ते सहा आम्ही बसलेले असतो. त्या वेळी पंखा चालू असतो, आणि चहा कोपऱ्यावरून येतो.