स्वस्त सदऱ्याची किंमत

२३ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात, ढाक्याजवळच्या सावर येथील 'राणा प्लाझा' या आठ मजली इमारतीला तडे गेल्याचे आढळून आले. इमारतीतील बँक आणि दुकाने बंद करण्यात आली. तयार कपडे शिवणाऱ्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कामावर बोलावण्यात आले. त्याच सकाळी इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. ढिगाऱ्यातून जे कपडे निघाले त्यांवर युरोप-अमेरिकेतील नामांकित कंपन्यांची लेबले होती. ती लेबले पाहून दूरदूरच्या अनेक ग्राहकांना आपल्या अंगावरचा सदरा टोचू लागला.

अशा वेळी सुचणारा पहिला उपाय म्हणजे तो माल न घेणे. हा उपाय सोपा आहे, आणि त्याने मनाला तत्काळ स्वस्थता लाभते. परंतु ज्या देशाची ही गोष्ट आहे, त्याच देशाला या उपायाचा अनुभव वीस वर्षांपूर्वी आलेला होता. बालमजुरांनी बनविलेल्या मालाच्या आयातीस बंदी घालणारे विधेयक सेनेटर टॉम हार्किन यांनी १९९२ मध्ये अमेरिकेत मांडले. त्याचा कायदा कधीच झाला नाही. तथापि, नुसत्या धास्तीनेच बांगलादेशातील कारखानदारांनी सुमारे ५०,००० मुलांना कामावरून काढून टाकले. त्यांत बहुतेक मुली होत्या. त्या शाळेत गेल्या असतील, असे कोणासही वाटावे. पण युनिसेफने शोध घेतला तेव्हा त्यांतील कित्येक जणी खडी फोडताना, रस्त्यावर फेरीविक्री करताना, काही तर वेश्याव्यवसायात आढळल्या. १९९५ साली कारखानदारांची संघटना, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्यात करार झाला, तेव्हा कुठे शाळा आणि विद्यावेतन यांची सोय आधी व कामावरून कमी करणे नंतर, असा क्रम ठरला.

राणा प्लाझानंतरचा करार या दृष्टीने अधिक शहाणपणाचा म्हणावा लागेल. कामगार संघटनांशी केलेल्या या करारावर कालांतराने दोनशेहून अधिक कंपन्यांनी सह्या केल्या. तो कायद्याने बंधनकारक होता. स्वतंत्र अभियंत्यांकडून कारखान्यांची तपासणी, दुरुस्तीसाठी पैशांची तजवीज, आणि धोकादायक इमारतीत जाण्यास नकार देण्याचा कामगाराचा हक्क या गोष्टी त्यात होत्या. दोष आढळला म्हणून कंपन्यांनी देशच सोडून जाऊ नये, यासाठी पहिली दोन वर्षे तेथून माल घेत राहण्याची अटही होती. ग्राहकाच्या टोचणीचा उपयोग झाला तो येथे: कंपन्यांना सही करणे भाग पडले ते काही अंशी आपल्या नावाला लागलेल्या काळिमेमुळेच.

मजुरीचा प्रश्न मात्र या कराराच्या कक्षेबाहेरच राहिला. २०२३ मध्ये कामगार संघटना दरमहा २३,००० टाका किमान वेतन मागत असताना प्रत्यक्षात ठरले ते १२,५००.