सगळी तयारी झाली होती, तरी पायथनने ऐनवेळी बदल का थांबवला?

तुमच्या ओळखीत कुणीतरी पायथन शिकत असेलच. अंधेरीच्या आयटी ऑफिसांपासून बोरिवलीच्या कोडिंग क्लासपर्यंत ही प्रोग्रॅमिंगची भाषा पोहोचली आहे. एप्रिल 2021 मध्ये तिच्यातला एक मोठा बदल अगदी शेवटच्या टप्प्यावर रोखला गेला. नेमकं काय झालं होतं?

बदल काय होता?

पायथनमध्ये माहितीला लेबल लावता येतं. उदाहरणार्थ, 'वय' म्हणजे आकडा, 'नाव' म्हणजे मजकूर. याला टाइप ॲनोटेशन म्हणतात. प्रोग्रॅम सुरू होताना या लेबलांचा अर्थ लगेच लावला जायचा. त्यात वेळ जायचा. शिवाय कोडमध्ये पुढे येणारं नाव लेबलवर आधीच लिहिलं, तर एरर यायचा.

उपाय सोपा वाटत होता. लेबल नुसतं मजकूर म्हणून ठेवायचं, अर्थ नंतर लावायचा. 2018 च्या पायथन 3.7 मध्ये ही सोय ऐच्छिक होती. 2021 च्या 3.10 मध्ये ती सगळ्यांना लागू होणार होती.

अडलं कुठे?

पायडँटिक आणि फास्टएपीआय ही लोकप्रिय टूल्स प्रोग्रॅम चालू असताना लेबलं वाचतात. वयाच्या रकान्यात कुणी नाव टाकलं, तर लेबल बघूनच ती चूक पकडतात.

आता समजा, चिठ्ठीवर फक्त 'मागची चाळ' लिहिलंय. घाटकोपरच्या त्या गल्लीत सगळ्यांना कळेल. पण तीच चिठ्ठी मुलुंडला उघडली तर? कुठली चाळ? लेबलांचंही तसंच होणार होतं. फंक्शनच्या आत ठरवलेली नावं बाहेरून शोधताना सापडत नव्हती.

निर्णय कसा झाला?

पायडँटिकचे निर्माते सॅम्युएल कॉल्विन यांनी धोका दाखवून दिला, तेव्हा मे महिन्यातल्या बीटा आवृत्तीला जेमतेम काही आठवडे उरले होते. बीटानंतर नवं फीचर घेत नाहीत.

दोन्ही बाजूंना मुद्दा होता. बदलाची घोषणा कधीच झाली होती, मग तक्रार इतक्या उशिरा का? पण बदल लागू केला असता, तर चालू असलेले प्रोग्रॅम बंद पडण्याची भीती होती. थांबवल्याने मात्र फारसं कुणाचं नुकसान नव्हतं, कारण ऐच्छिक सोय तशीच राहणार होती. पायथनच्या पाच सदस्यांच्या स्टिअरिंग कौन्सिलने बदल मागे घेतला.

जुना अनुभवही गाठीशी होता. 2008 मध्ये पायथन 3 आल्यावर जुना कोड थेट चालेना. पायथन 2 चा अधिकृत सपोर्ट संपायला 2020 उजाडलं.

पुढे काय?

थांबल्यामुळे लॅरी हेस्टिंग्ज यांच्या वेगळ्या कल्पनेला वेळ मिळाला. अर्थ गरज पडल्यावरच लावायचा, पण लेबल जिथे लिहिलंय तिथली नावं धरूनच. म्हणजे चिठ्ठी उशिरा उघडली, तरी त्याच गल्लीत उघडायची! ऑक्टोबर 2025 मध्ये आलेल्या पायथन 3.14 मध्ये हीच पद्धत लागू झाली.