अणूंचा नाद आणि खारीचा पापुद्रा

नारळ फोडल्याशिवाय आत पाणी आहे की नाही हे कळत नाही, असे कोणी म्हटले तर वसईच्या होळी बाजारातली नारळवाली मावशी हसेल. ती नारळ कानाशी नेऊन हलवते, बोटाने टिचकी मारते आणि नेमका चांगला काढून हातात देते. वस्तू न फोडता, न जाळता, तिला जरा डिवचून तिच्याकडूनच उत्तर घ्यावयाचे, ही ती युक्ती. तिचेच एक शास्त्रीय रूप आज तेल, वनस्पती तूप, बियाणे, चॉकलेट, टूथपेस्ट अशा कितीतरी मालाची प्रत तपासण्यासाठी वापरतात. त्याचे नाव मात्र भारदस्त आहे: अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन. मी कला शाखेची, अर्थशास्त्र घेतलेली विद्यार्थिनी; मी या विषयात का हात घातला ते पुढे येईलच.

इस्पितळातले एमआरआय यंत्र याच तत्त्वावर चालते. त्यातले चुंबक खोलीएवढे असते आणि त्याला थंड ठेवण्यासाठी द्रवरूप हेलियम लागतो. मी ज्याविषयी लिहीत आहे ते त्याचे धाकटे भावंड होय. ते टेबलावर मावते. आत साधे कायमचे चुंबक, त्यामुळे चुंबकासाठी वीज खर्च होत नाही, आणि उरलेले यंत्र घरातल्यासारख्या प्लगवर चालते. ते चित्र काढत नाही. एकच प्रश्न विचारते आणि एकच आकडा देते.

आता तत्त्व. तेल, तूप, पाणी या सर्वांत हायड्रोजन असतो. हायड्रोजनचे अणुकेंद्र म्हणजे एक अतिसूक्ष्म चुंबक, आणि तेही भोवऱ्यासारखे स्वतःभोवती फिरणारे. फिरता भोवरा जसा मान डोलावतो तसे हे केंद्र चुंबकीय क्षेत्रात डोलते. किती वेगाने, ते क्षेत्राच्या ताकदीवर ठरते. क्षेत्र एक टेस्ला असेल तर सेकंदाला सुमारे ४ कोटी २६ लाख वेळा. टेबलावरच्या यंत्रातले क्षेत्र अर्ध्या टेस्लाच्या थोडे आत असते, तेव्हा हा आकडा सुमारे २ कोटी होतो. हा वेग रेडिओलहरींचा आहे. झोपाळ्याला त्याच्याच लयीत धक्का दिला तर तो चढतो, भलत्या वेळी दिला तर अडखळतो. तसेच नेमक्या त्याच लयीची रेडिओलहर क्षणभर सोडली की सारी केंद्रे एका तालात डोलू लागतात. लहर थांबली तरी ती थोडा वेळ डोलतच राहतात, आणि नळीभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यात त्यांचा क्षीण ‘नाद’ विजेच्या रूपाने उमटतो.

खरी गंमत या नादाच्या लांबीत आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर इथल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यांतलीच म्हणतात. मोकळी टांगलेली घंटा वाजवली की कितीतरी वेळ घुमते. तीच हाताने धरून वाजवा, ठक्क होऊन गप्प बसते. द्रव तेलातले रेणू सैरावैरा हिंडत असतात. कोणी कोणाला धरून ठेवत नाही, म्हणून त्यांचा नाद लांबतो. घट्ट गोठलेल्या तुपातले रेणू मात्र शेजाऱ्यांच्या चुंबकीय ओढीत सतत सापडलेले असतात. त्यांचा ताल लगेच मोडतो. घन तुपाचा नाद सेकंदाच्या दहा लाखांश भागांत मोजला तर ७० भागांच्या आत जवळपास विझतो. तेलाचा त्यानंतरही हजारो भाग चालू राहतो.

मग काम सोपे झाले. लहर थांबल्यावर ११ व्या भागाशी एकदा ऐकायचे, ७० व्या भागाशी पुन्हा. पहिल्या वेळी घन आणि द्रव दोन्ही बोलतात, दुसऱ्या वेळी फक्त द्रव. समजा पहिला नाद १०० होता आणि दुसरा ७०, तर त्या तुपात ३० टक्के भाग घन आहे. जानेवारीत सकाळी खोबरेल तेलाची बाटली अर्धी गोठलेली असते आणि आई ती उन्हात ठेवते. त्या बाटलीत नेमके किती गोठले आहे हे डोळ्यांनी सांगता येणार नाही. हे यंत्र काही सेकंदांत सांगते.

एवढ्याने कोणाचे काय अडते, असे वाचकांना वाटेल. आमच्या घरात अडले होते. माझे बाबा बेकरीत कारागीर आहेत. खारीचा मैदा लाटून त्यात मार्गारिन पसरायचे, घड्या घालायच्या, पुन्हा लाटायचे, पुन्हा घड्या. मार्गारिन थरांच्या मध्ये थर म्हणून टिकले तरच भट्टीत पापुद्रे सुटतात. ते आधीच वितळून मैद्यात मुरले तर खारी दगडासारखी बसते. फार घट्ट असेल तर लाटताना तुकडे पडून थर फाटतो, आणि तोंडात न वितळल्यामुळे मेण खाल्ल्यासारखे टाळूला चिकटते. म्हणजे बेकरीच्या उष्ण्यात पुरेसे घन आणि जिभेच्या उष्ण्यात जवळजवळ सारे द्रव, अशी दुहेरी अट आहे. एका एप्रिलमध्ये सलग दोन दिवस घाणे बसले. बेकरीचे नाव सांगण्याचे कारण नाही. हात बिघडला असे ठरले आणि दोन दिवसांची मजुरी कापली गेली. मार्गारिनची खोकी नवीन लॉटची होती, असे बाबा सांगत होते; खोक्यात अंगठा दाबून पाहिल्यावर त्यांना ते कळले होते. पण त्या दिवशीच्या उष्ण्याला त्या मार्गारिनमध्ये घन भाग किती होता, हा आकडा कोणाजवळच नव्हता. अंगठा हा पुरावा होत नाही.

पूर्वी अशा मालाला वितळणबिंदू पाहत. काचेच्या बारीक नळीत तूप गोठवायचे, नळी पाण्यात धरून पाणी हळूहळू तापवायचे आणि तुपाचा तुकडा कोणत्या अंशाला वर सरकतो ते लिहायचे. आपल्याकडे वनस्पती तुपाला ३१ ते ४१ अंश ही मर्यादा याच रीतीने घालून दिलेली होती. पण हा एकच आकडा. दोन तुपे ३७ अंशालाच सरकतील आणि तरी ३० अंशाला एकात घन भाग भरपूर, दुसऱ्यात नाममात्र असेल. खारीवाल्याला हवी असते ती वाटेतली हकिकत. ती कळण्यासाठी तूप तापवत त्याचे आकारमान किती वाढते ते मोजण्याची रीत होती, पण तिला तासन् तास लागत. शिवाय २०२२ च्या जानेवारीपासून आपल्या देशात तेलातुपांतील ट्रान्स मेदाला २ टक्क्यांची मर्यादा आली. जुन्या रीतीने अर्धवट हायड्रोजन जोडून घट्ट केलेले तूप त्यात बसत नाही. पाम तेलाचे घट्ट अंश वगैरे मिसळून तोच घट्टपणा नव्याने जुळवावा लागतो. तो जुळला की नाही, हे पाहण्याचे काम आज बहुतांशी या यंत्राकडे आहे.

योगायोग असा की या शास्त्राचा जन्मच मेण आणि पाणी यांपासून झाला. १९४५ च्या डिसेंबरात अमेरिकेत हार्वर्डला परसेल आणि सहकाऱ्यांनी पॅराफिन मेणातला नाद टिपला. त्याच सुमारास स्टॅनफर्डला ब्लॉख यांच्या गटाने पाण्यातला. १९५२ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले. मद्यार्कातले हायड्रोजन तीन वेगवेगळ्या सुरांत बोलतात, हे १९५१ साली स्टॅनफर्डहून ज्या तिघांनी प्रसिद्ध केले त्यांत एक भारतीय होते, एस. एस. धर्मट्टी. पुढे त्यांनी मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचा गट उभा केला. शाळेच्या एकाही पुस्तकात मला हे नाव भेटले नाही, याचे नवल वाटते. १९७४ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील तिवारी, गंभीर आणि राजन यांनी अखंड बियांतले तेल याच रीतीने मोजून दाखवले. वाळलेल्या बीतले थोडे पाणी कणांना घट्ट चिकटलेले असते, त्यामुळे त्याचा नाद लवकर विझतो. मागे राहतो तो तेलाचा. बी फुटत नाही, तिला औषध लागत नाही. जास्त तेलाची बी निवडून तीच शेतात पेरता येते. वाण सुधारणाऱ्याला याहून काय हवे!

आमच्या आळीतले एक दादा तेलाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत आहेत. त्यांनी हे यंत्र मला दाखवले. बोटाएवढी नळी भोकात सोडली, ‘टक्’ झाले आणि पडद्यावर आकडा आला. मला वाटले काही घडलेच नाही. “आकडा सोपा, तयारी अवघड,” दादा म्हणाले. नमुना आधी पूर्ण वितळवायचा, मग शून्य अंशाला तासभर ठेवायचा, मग ज्या अंशाला मोजायचे तिथे अर्धा तास. यात घाई केली की आकडा फसवा येतो. चुंबकही उष्ण्याने बदलते, म्हणून ते सदैव ४० अंशांच्या आसपास राखतात.

आणखी एक अडचण मला फार आवडली. जोरात टाळी वाजवली की क्षणभर कान बधिर होतो, तसे लहर सोडल्यावर यंत्रही सुरुवातीचे काही भाग बहिरे असते. तेवढ्यात घन तुपाचा थोडा नाद निसटून गेलेला असतो. तो किती निसटला हे घन प्रमाण आधीच ठाऊक असलेल्या बंद नळ्या घालून ठरवतात आणि पुढच्या प्रत्येक आकड्यात तेवढी भर घालतात. ही नळ्यांची तपासणी चुकली तर यंत्र दिवसभर खात्रीने खोटे बोलेल. अॅल्युमिनियमच्या पाकिटात बंद असलेला मालही त्याला ऐकू येत नाही, कारण रेडिओलहर धातूतून आत शिरत नाही.

असले यंत्र छोट्या बेकरीला परवडणारे नाही, आणि त्याची गरजही नाही. मार्गारिन बनवणाऱ्याकडे ते असते. प्रत्येक खोक्यावर लॉटचा क्रमांक छापलेला असतो आणि त्या लॉटचे २०, ३०, ३५ अंशांचे घन प्रमाण त्याच्याकडे मागता येते. गेल्या महिन्यात मी हे तीन आकडे मागणारे पत्र लिहून दिले. बाबांनी ते मालकांच्या टेबलावर ठेवले आहे.