मालवणची मासळी खानावळ: "आज नाही" म्हणूनही गिऱ्हाईक कसं टिकतं?



"सर, हॉटेल टाकायचं आहे. मेन्यू किती मोठा ठेवू?" मोहाडी-तुमसर भागातल्या आपल्या प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं असतं: ऐंशी पदार्थ, लॅमिनेट केलेलं कार्ड, एक मोठा डीप फ्रीझर. पैसा कुठून येणार? घरातलं सोनं, नाहीतर बँकेचं कर्ज. म्हणून या व्हिडिओत आणि या लेखात आपण एक धंदा नीट उघडून बघू, जिथे माल सगळ्यात नाजूक आहे आणि तरी दुपारी बाहेर रांग लागते. मालवणची मासळी खानावळ.

आपल्याकडून तिकडे जायचं तर आधी रेल्वेने कुडाळ गाठायचं. तिथून एसटीने मालवण. सिंधुदुर्ग किल्ला (बांधकाम १६६४ ते १६६७) बघून पर्यटक होडीतून उतरतात तेव्हा पोटात कावळे ओरडत असतात. बाजारातल्या खानावळी नेमक्या त्याच वेळी गच्च भरतात. साधी टेबलं, स्टीलची ताटं, आतून तव्याचा आवाज. अनोळखी माणसाशेजारी बसावं लागतं, आणि कोणाची तक्रार नसते.

पहिला धडा: फळा रोज पुसला जातो

बऱ्याच ठिकाणी छापील कार्डापेक्षा फळ्याला जास्त मान. आज सुरमई, बांगडा, कोळंबी, तिसऱ्या. उद्या वेगळं. आम्ही ज्या खानावळीत जेवलो तिथे मी कालवं मागितली. वाढणाऱ्या काकी म्हणाल्या, "कालवां आज नाय. बांगडो ताजो आसा, तो घ्या." संपला विषय. आणि मी बांगडाच घेतला.

कालवं का नव्हती? कालव म्हणजे खडकाला चिकटून वाढणारा शिंपला. समुद्राला ओहोटी आली की खडक उघडे पडतात, तेव्हा बायका छोटं लोखंडी हत्यार घेऊन जातात, एकेक शिंपला फोडून आतला मऊ गर काढतात. पाठ मोडणारं काम आहे. ओहोटीची वेळ रोज बदलते, लाटा मोठ्या असतील तर खडकावर जाता येत नाही. म्हणजे पुरवठा ना खानावळवाल्याच्या हातात, ना काढणाऱ्या बाईच्या. मग प्रामाणिक उत्तर एकच: आज नाही.

कालवाचं अजून एक वैशिष्ट्य व्यावसायिकाने समजून घ्यावं. हा प्राणी पाणी गाळून त्यातलं अन्न खातो. पाणी घाण असेल तर घाण त्याच्या पोटात जाते. त्यामुळे माल कुठल्या खाडीतून आला, कोणी काढला, कधी काढला, हे माहीत नसेल तर विकूच नये. कोकणात कालवं कच्ची खात नाहीत, ओलं खोबरं-मसाला लावून शिजवतात. अमेरिकेत मात्र बर्फावर ठेवून कच्ची खातात. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात १९१३ पासून असंच एक गजबजलेलं ऑयस्टर बार आहे, प्रवासी गाडीआधी तिथे जेवतात. तिथेही मेन्यू रोजच्या मालाप्रमाणे बदलतो. मालवण असो की न्यूयॉर्क, ताज्या मालाच्या धंद्यात मेन्यू समुद्र ठरवतो.

दुसरा धडा: थाळी हा पाया, तुकडा हा भाव

ताटात काय असतं? तळलेला तुकडा, वाटीत कालवण, सुकं काहीतरी, भात, चपाती नाहीतर भाकरी, आणि सोलकढी. यातली सोलकढी बघा. कोकम आणि नारळ, दोन्ही तिथलंच. खर्च आटोक्यात, पण तिच्याशिवाय ताट अपुरं वाटतं. भात, भाकरी, सोलकढीचा खर्च रोज जवळपास सारखा. रोज बदलतो तो फक्त मासा.

आता गणित मांडूया. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, बाजारभाव म्हणून नाही.

समजा सुरमई ८०० रुपये किलो. डोकं, शेपूट, पोट काढून साफ केल्यावर हातात ६५० ग्रॅम. म्हणजे खरा भाव ८०० नाही, साधारण १,२३० रुपये किलो. १२० ग्रॅमचा तुकडा पडला १४८ रुपयांना. बाकी ताटाचे ६० धरा. एकूण २०८. थाळी ४०० ला विकली तर भाडं, पगार, गॅस आणि नफ्यासाठी उरले १९२.

दुसऱ्या दिवशी सुरमई १,००० झाली. तोच तुकडा १८५ ला पडला, ताट २४५ ला. उरले १५५. एका ताटामागे ३७ रुपये गेले. कार्डावर ४०० छापलेले असतील तर तुम्ही हात चोळत बसाल. फळ्यावर "सुरमई थाळी: आजचा भाव" असेल तर तुम्ही वाचलात. आणि ज्याला ते महाग वाटेल त्याच्यासाठी बांगडा थाळी आहेच. एक चढ-उताराची वस्तू, एक आधाराची वस्तू. ही जोडी तुमच्या धंद्यात कोणती, हे आज वहीत लिहा.

तिसरा धडा: खुर्ची किती वेळा भरते?

आठ टेबलं, ३२ खुर्च्या. दुपारी साडेबारा ते तीन, म्हणजे १५० मिनिटं. गिऱ्हाईक ५० मिनिटं बसलं तर खुर्ची तीनदा भरते, ९६ ताटं. ३० मिनिटांत उठलं तर पाचदा, १६० ताटं. फरक ६४ ताटांचा. ताटामागे हातात ८० रुपये जरी राहिले तरी दिवसाचे ५,१२० रुपये.

पण म्हणून कोणी "उठा लवकर" म्हणत नाही. वेग स्वयंपाकघरातून येतो. ऑर्डर द्यायला मिनिट लागतं, कारण निवडायला चारच गोष्टी. भात, कालवण तयार. तवा फक्त तुकड्यासाठी. छोटा मेन्यू असा दोनदा कमावून देतो: माल उरत नाही, आणि खुर्ची लवकर मोकळी होते.

मुंबईतही हेच दिसतं. फोर्टमधलं तृष्णा म्हटलं की लोकांना बटर-पेपर-गार्लिक खेकडा आठवतो. मालवणचं चैतन्य दादरला आलं ते मालवणी चव घेऊनच. एखाद्या गोष्टीसाठी नाव झालं की लोक पत्ता शोधत येतात.

चौथा धडा: बंदीच्या दिवसांची तयारी आधीच

पावसाळ्यात, १ जूनपासून किमान दोन महिने, यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारी बंद असते. माशांच्या प्रजननाचा काळ आणि खवळलेला समुद्र, दोन्ही कारणं. मग खानावळ काय करते? कोंबडी-वडे पुढे येतात, सुक्या मासळीचे पदार्थ येतात, काही जण दुरुस्ती काढतात. दरवर्षी येणारी मंदी ही आपत्ती नव्हे, ती कॅलेंडरवरची तारीख आहे.

मग मोहाडीत काय करायचं?

समुद्र आपल्याकडे नाही, पण भंडारा हा तलावांचा जिल्हा. मालगुजारी तलाव आहेत, वैनगंगा आहे, पिढ्यानपिढ्या मासेमारी करणारे ढिवर बांधव आहेत. रोहू, कतला, मरळ, आणि आपले झिंगे. झिंगे-भात खाल्लेला माणूस चव विसरत नाही. आणि बंदी आपल्याकडेही आहे, फक्त सरकारी नाही: श्रावण आणि चौंडेश्वरी मातेचं नवरात्र. त्या दिवसांसाठी चांगली शाकाहारी थाळी आधीच बसवून ठेवा.

कोकणात कांदळवन कक्षाच्या मदतीने बचत गटांनी खेकडे आणि कालवांचं पालन सुरू केलं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत "स्वामिनी" गटाच्या महिला पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. जवळ जे आहे त्यावरच धंदा उभा केला.

सुरू करायचं असेल तर एवढं करा:

१. पहिले तीन महिने फक्त दोन थाळ्या. तिसरी मागितली तर नम्रपणे "नाही" म्हणा.
२. मासळी देणाऱ्या दोन माणसांशी आधी बोला. रोज सकाळी फोन, मग फळा.
३. साफ केल्यावर किती उरतं ते स्वतः काट्यावर मोजा. तोच तुमचा खरा खरेदीभाव.
४. रात्री किती माल उरला ते लिहा. आठवड्यात तीन दिवस उरला तर खरेदी कमी करा, फ्रीझर मोठा करू नका.
५. एफएसएसएआय नोंदणी पहिल्या ताटाआधी.

काकींच्या "आज नाय" मध्ये मला सगळ्यात मोठी गोष्ट ही दिसली: जे आहे त्याबद्दल त्या खात्रीने बोलू शकत होत्या. "आज कालवं नाहीत" हे खरं सांगणाऱ्या माणसाचं "बांगडा ताजा आहे" हेही गिऱ्हाईक खरं मानतं. ऐंशी पदार्थांच्या कार्डाला हा विश्वास विकत घेता येत नाही.

तुमच्या धंद्यातली आधाराची वस्तू कोणती आणि चढ-उताराची कोणती? व्हिडिओखाली कमेंटमध्ये लिहा. निवडक उत्तरांचं गणित पुढच्या भागात फळ्यावर मांडू. भेटूया!