सात पुलांचे कोडे

बाल्टिक समुद्राजवळ कालिनिनग्राद नावाचे रशियाचे एक शहर आहे. अठराव्या शतकात ते प्रशियाच्या राज्यात मोडत असे व त्या वेळी त्याचे नाव कोनिग्सबर्ग असे होते. शहरातून प्रेगेल नदी वाहते. नदीच्या पात्रातील दोन बेटांमुळे शहराचे चार भाग पडले होते : उत्तर तीर, दक्षिण तीर व ती दोन बेटे. हे भाग सात पुलांनी जोडलेले होते. त्यांपैकी लहान बेटावर पाच पूल येऊन मिळत, तर उरलेल्या तीन भागांवर प्रत्येकी तीन.

या पुलांवरून नगरवासीयांमध्ये एक कोडे निर्माण झाले. सातही पूल ओलांडावेत, परंतु कोणताही पूल दुसऱ्यांदा ओलांडू नये, अशी फेरी करता येईल काय? कोणी म्हणे, हे अशक्य आहे. कोणी नुसतीच शंका व्यक्त करी. अशी फेरी आपण केली आहे, असे मात्र कोणीच सांगत नसे. पण मार्ग सापडला नाही, एवढ्यावरून मार्ग नाहीच, असे कसे म्हणावे?

त्या काळी लिओनार्ड ऑयलर हा थोर गणितज्ञ रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे राहत होता. १७३५ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने या कोड्याचे उत्तर तेथील विज्ञान अकादमीपुढे मांडले. पूल किती लांब आहेत, बेट किती मोठे आहे, या गोष्टी त्याने बाजूला सारल्या. कोणता भाग कोणत्या भागाशी किती पुलांनी जोडलेला आहे, एवढेच त्याने पाहिले.

त्याचा विचार अगदी सरळ होता. वाटेत लागणाऱ्या भागात माणूस एका पुलाने येतो व दुसऱ्या पुलाने बाहेर पडतो. म्हणजे दर खेपेस दोन पूल खर्ची पडतात. म्हणून अशा भागावरील पुलांची संख्या सम असली पाहिजे. जेथून फेरी सुरू होते व जेथे ती संपते, त्या दोन ठिकाणीच ती संख्या विषम असू शकेल. कोनिग्सबर्गमध्ये तर चारही भागांवरील संख्या विषम होत्या. तेव्हा तशी फेरी होणे शक्यच नव्हते. हजार वेळा चालूनही ज्याची खात्री पटली नसती, ते केवळ विचाराने सिद्ध झाले.

हाच नियम पाटीवरही पडताळून पाहता येतो. चौकोन व त्याचे दोन्ही कर्ण पेन्सिल न उचलता आणि कोणतीही रेघ दुसऱ्यांदा न गिरवता काढता येत नाहीत. कारण चारही कोपऱ्यांत तीन-तीन रेघा मिळतात. त्याच चौकोनावर दोन रेघांचे छप्पर चढवले, की वरच्या दोन्ही कोपऱ्यांत चार-चार रेघा होतात व विषम कोपरे खालचे दोनच उरतात. मग खालच्या एका कोपऱ्यापासून आरंभ केल्यास ते घर एका दमात काढता येते.

भागांना ठिपके व पुलांना रेघा मानले, की एक जाळे तयार होते. अशा जाळ्यांचे गणित नित्याच्या व्यवहारात उपयोगी पडते. टपाल वाटणाऱ्या पोस्टमनला आपल्या भागातील प्रत्येक रस्त्याने जाऊन पुन्हा कचेरीत यावे लागते. प्रत्येक चौकात मिळणाऱ्या रस्त्यांची संख्या सम असेल, तर त्याला कोणताही रस्ता दोनदा चालावा लागत नाही. काही चौकांत ती विषम असेल, तर काही रस्ते पुन्हा चालणे भागच असते. असे कोणते रस्ते निवडावेत, म्हणजे एकूण चाल कमीत कमी होईल? ग्वान मेइगू या चिनी गणितज्ञाने १९६० साली हा प्रश्न मांडला. त्याचे उत्तर असे, की विषम चौकांच्या जोड्या लावाव्यात व प्रत्येक जोडीमधील वाट दोनदा चालावी. मात्र या वाटांच्या लांबीची बेरीज कमीत कमी येईल, अशाच जोड्या निवडाव्यात. रस्ते झाडणाऱ्या गाड्यांच्या फेऱ्या आखतानाही हाच प्रश्न येतो.

कोनिग्सबर्गच्या सात पुलांपैकी दोन दुसऱ्या महायुद्धातील बाँबहल्ल्यात नष्ट झाले. पुढे आणखी दोन पाडून त्यांच्या जागी मोठा रस्ता नेण्यात आला. आता जुन्या जागांवरील वाटा पाचच उरल्या आहेत. दोन्ही तीरांवर दोन-दोन व दोन्ही बेटांवर तीन-तीन वाटा मिळतात. म्हणून एका बेटावरून निघून दुसऱ्या बेटावर संपणारी फेरी आज शक्य आहे. शहर बदलले, पुलांची संख्या बदलली. ऑयलरचा नियम मात्र तोच राहिला.