अपंगत्व निवृत्तिवेतन, सैनिकी

भूदल, नौदल वा वायुदल यांतील सेवेमुळे उद्‌भवलेल्या, किंवा मूळचे असूनही सेवेमुळे बळावलेल्या, शारीरिक अथवा मानसिक अपंगत्वाबद्दल सैनिकास शासनाकडून दरमहा मिळणारे वेतन. भारतात ते सेनादलांच्या निवृत्तिवेतन विनियमांखाली दिले जाते. भूदलासाठी १९६१ चे विनियम दीर्घकाळ आधारभूत होते. त्यांची जागा पुढे २००८ च्या विनियमांनी घेतली. सर्वसाधारण निवृत्तिवेतनास ठराविक वर्षांची सेवा आवश्यक असते. अपंगत्व निवृत्तिवेतनास तशी किमान मर्यादा नाही. प्रशिक्षणाच्या काळात जायबंदी झालेला जवानही त्यास पात्र ठरू शकतो.

या वेतनाचे दोन घटक आहेत : सेवा-घटक व अपंगत्व-घटक. पात्रतेच्या कसोट्याही दोन. अपंगत्व सेवाजन्य अथवा सेवेमुळे बळावलेले असावे आणि वैद्यक मंडळाने त्याचे प्रमाण २० टक्के वा अधिक ठरविलेले असावे. यांपैकी दुसरी कसोटी मोजमापाची असल्याने तीबाबत वाद तुलनेने कमी होतात. अपंगत्वामुळे ज्याला सेवेतून काढून टाकले, त्याचे अपंगत्व २० टक्क्यांहून कमी आहे असे म्हणणे विसंगत ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने सुखविंदर सिंग खटल्यात (२०१४) म्हटले आहे. खरा झगडा पहिल्या कसोटीचा असतो. गोळीने पाय गेला, तर कारण उघड असते. परंतु भरतीच्या वेळी धडधाकट असलेला तरुण आठ-नऊ वर्षांनी अपस्मार, मनोविकार, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब घेऊन घरी परततो, तेव्हा रोग सेवेने दिला की तो त्याच्या प्रकृतीतच होता, हा प्रश्न उपस्थित होतो. ‘प्रकृतिजन्य विकार, सेवेशी संबंध नाही’ हा वैद्यक मंडळाच्या अहवालातील एका ओळीचा शेरा दावा फेटाळण्यास आजवर पुरेसा ठरत आला आहे.

हा संबंध कोणी सिद्ध करावयाचा, यावर सर्व काही अवलंबून असते. १९८२ च्या हक्कविषयक नियमांनी याचे उत्तर सैनिकाच्या बाजूने दिले होते. भरतीच्या वेळी एखाद्या व्याधीची नोंद झालेली नसेल, तर सैनिक सेवेत निरोगी अवस्थेत दाखल झाला असे गृहीत धरावे; नंतर ढासळलेली प्रकृती सेवेमुळे ढासळली असे मानावे; पुराव्याचा भार दावेदारावर नसावा आणि वाजवी संशयाचा फायदा त्यास मिळावा, असा या नियमांचा आशय होता. धर्मवीर सिंग विरुद्ध भारत संघराज्य (२०१३) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यास निःसंदिग्ध रूप दिले. संदेश दलातील हा जवान १९८५ मध्ये भरती झाला आणि १९९४ मध्ये अपस्माराच्या कारणाने, २० टक्के अपंगत्वासह, सेवामुक्त झाला. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत या रोगाची नोंद नव्हती आणि तो त्या वेळी का कळू शकला नसता, याची कारणेही मंडळाने दिलेली नव्हती. अशा स्थितीत रोग सेवाजन्यच मानला पाहिजे, असा निर्णय न्यायालयाने दिला. मंडळाच्या मताला मान असतो, पण ते सकारण असले पाहिजे, हे यातून प्रस्थापित झाले. याच्याही आधी, १९९३ मध्ये, माजी सॅपर मोहिंदर सिंग यांच्या प्रकरणात न्यायालयाने आणखी एका प्रथेस आळा घातला होता. रुग्णास प्रत्यक्ष तपासणाऱ्या मंडळाचे मत, त्यास कधीही न पाहिलेल्या लेखा कार्यालयाने केवळ कागदांवरून फिरवावे, अशी ती प्रथा होती.

२००८ च्या नियमांनी हा कल बराच बदलला. रोग सेवाकाळात प्रकट झाला एवढ्यावरून तो सेवाजन्य ठरत नाही, असे त्यांत स्पष्ट करण्यात आले आणि सेवामुक्तीनंतर पंधरा वर्षांनी केलेल्या दाव्यात पुराव्याचा भार दावेदारावर टाकण्यात आला. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम अंमलात आले असून सेवेचा काळ पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यांच्या बाबतीत ‘अपंगत्व’ या शब्दाऐवजी ‘क्षती साहाय्य’ अशा अर्थाची संज्ञा त्यांत आली आहे. हा बदल माजी सैनिकांच्या संघटनांना मान्य झालेला नाही. दाव्याचा विचार करताना सैनिक कोणत्या तारखेस सेवेबाहेर पडला हे प्रथम पाहावे लागते, कारण नियमांचा संच त्यावरूनच ठरतो.

रकमेचा हिशेब एका उदाहरणाने स्पष्ट होईल. शंभर टक्के अपंगत्वास अपंगत्व-घटक अखेरच्या गणनीय वेतनाच्या ३० टक्के असतो आणि कमी अपंगत्वास त्या प्रमाणात कमी. अखेरचे वेतन ४०,००० रु. असेल, तर पूर्ण अपंगत्वास १२,००० रु. आणि ३० टक्के अपंगत्वास ३,६०० रु. होतात. तथापि ३१ जानेवारी २००१ च्या शासकीय आदेशाने टप्पेवार पूर्णांकनाची सोय केली आहे : ५० टक्क्यांहून कमी अपंगत्व ५० टक्के, ५० ते ७५ पर्यंतचे ७५ टक्के आणि ७६ ते १०० पर्यंतचे १०० टक्के धरावे. त्यामुळे वरील ३,६०० रुपयांचे ६,००० रु. होतात. ही सोय प्रारंभी केवळ अपंगत्वामुळे मुदतीपूर्वी सेवामुक्त झालेल्यांपुरती होती. नियत वयोमानानुसार निवृत्त झालेल्या अपंग सैनिकांसही ती लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार खटल्यात (डिसेंबर २०१४) ठरविले. अपंगत्व प्रत्यक्ष युद्धात किंवा त्यासारख्या कारवाईत आले असेल, तर युद्धजखम निवृत्तिवेतन मिळते व त्याचा दर पुष्कळच जास्त असतो. त्यामुळे सेवामुक्त झालेल्याच्या बाबतीत शंभर टक्के अपंगत्वास युद्धजखम-घटक अखेरच्या गणनीय वेतनाइतका असतो. घटनेचे वर्गीकरण ‘अ’ पासून ‘इ’ पर्यंतच्या पाच प्रकारांपैकी कोणत्या प्रकारात झाले यास म्हणूनच इतके महत्त्व आहे.

दावा दाखल करण्याची रीत प्रसंगानुरूप बदलते. वैद्यकीय कारणाने सेवामुक्त होणाऱ्या जवानास सहसा स्वतंत्र अर्ज करावा लागत नाही. वैद्यक मंडळाची कार्यवाही (ए. एफ. एम. एस. एफ. १६ हा नमुना) व सेवापत्रके घेऊन अभिलेख कार्यालयच प्रकरण पुढे पाठवते. अपघाताच्या बाबतीत दुखापतीचा अहवाल (आय. ए. एफ. वाय. २००६) आणि आवश्यक तेथे चौकशी न्यायासनाचे निष्कर्ष जोडले जातात. रजेवर असताना झालेल्या अपघाताचा सेवेशी कार्यकारणसंबंध दाखवावा लागतो. गावी शेतीचे काम करताना झालेली इजा सहसा मान्य होत नाही.

सैनिक एका ठिकाणी राहतो आणि त्याचे कागद दुसऱ्याच ठिकाणी असतात, हे या व्यवहाराचे वैशिष्ट्य होय. मुंबई उपनगर जिल्ह्यातील कुर्ला येथील माजी सैनिकांचे उदाहरण घेता येईल. मराठा लाइट इन्फंट्रीतून आलेल्याचे अभिलेख बेळगाव येथे, महार रेजिमेंटमधील सैनिकाचे मध्य प्रदेशातील सागर येथे, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमधील सैनिकाचे खडकी येथे, तर भूदलाच्या निवृत्तिवेतनाचे प्रधान लेखा नियंत्रक प्रयागराज येथे. नौसैनिकाची स्थिती मात्र वेगळी. देशभरातील नौसैनिकांच्या नोंदी ठेवणारे कार्यालय मानखुर्द येथे, म्हणजे कुर्ला तालुक्यातच, हार्बर मार्गावर कुर्ल्यापासून चौथ्या स्थानकावर आहे. २०२१ नंतर ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीमुळे मंजुरी व वाटप एका सूत्रात आले असले, तरी जुने वैद्यकीय कागद मिळविण्यासाठी अभिलेख कार्यालयाशीच पत्रव्यवहार करावा लागतो. अर्ज भरण्यास व पत्रव्यवहारास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय साहाय्य करते. राज्यातील अशा कार्यालयांचे मुख्यालय पुणे येथे आहे.

दावा फेटाळला गेल्यास नकाराच्या पत्रापासून सहा महिन्यांच्या आत प्रथम अपील समितीकडे आणि तेथेही नकार मिळाल्यास पुढील सहा महिन्यांत संरक्षण मंत्रालयातील द्वितीय अपील समितीकडे जाता येते. अपिलात गाऱ्हाणे मांडण्यापेक्षा मंडळाच्या अहवालातील उणीव दाखविणे अधिक परिणामकारक ठरते. भरतीच्या वेळची वैद्यकीय नोंद, नेमणुकांची ठिकाणे व त्यांचा कालावधी (उदा., अत्युच्च वा अतिशीत प्रदेशातील सेवा), रोग प्रथम दिसल्याची तारीख आणि मंडळाने कारण दिले आहे किंवा नाही, या गोष्टी कागदांवरूनच दिसतात. म्हणून मंडळाच्या कार्यवाहीची प्रत मागवणे हे अपिलाचे पहिले पाऊल होय. अनेकांना मात्र ही प्रत नकाराचे पत्र हाती पडल्यावर, बऱ्याच विलंबाने मिळते.

यापुढील पायरी सशस्त्र सेना न्यायाधिकरणाची. २००७ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेले हे न्यायाधिकरण २००९ मध्ये कार्यरत झाले; त्याच्या मुंबई येथील खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात महाराष्ट्र, गुजरात व गोवा येतात. निवृत्त सैनिकाला आपल्या निवासस्थानाच्या खंडपीठाकडे अर्ज करता येतो, त्यामुळे कुर्ल्यातील दावेदारास बेळगावास वा प्रयागराजला खेटे घालावे लागत नाहीत. उपलब्ध अपिलांचे मार्ग संपलेले असावेत व अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज यावा, असा नियम असून विलंब क्षमापित करण्याचा अधिकार न्यायाधिकरणास आहे. तारसेम सिंग प्रकरणात (२००८) जवान १९८३ मध्ये सेवामुक्त झाला होता व तो १९९९ मध्ये उच्च न्यायालयात गेला. निवृत्तिवेतनाचा नकार हा दरमहा नव्याने घडणारा अन्याय असल्याने विलंबामुळे हक्क बुडत नाही. परंतु थकबाकी दाव्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळेल, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितले. सोळा वर्षे वाट पाहणाऱ्याची तेरा वर्षांची रक्कम अशा रीतीने जाते. न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट सार्वजनिक महत्त्वाच्या कायदेशीर मुद्द्यापुरती अरुंद आहे. तथापि उच्च न्यायालयाची प्राधिलेख अधिकारिता अबाधित असल्याचे परशोत्तम दास खटल्यात (मार्च २०२३) स्पष्ट झाले.

वेतनाखेरीज पुनर्वसनाच्या सोयीही महाराष्ट्रात पूर्वापार आहेत. अपंग सैनिकांना व्यवसायशिक्षण देणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, मुंबईत सुरू झाली व नंतर खडकी येथे हलविण्यात आली. पुणे येथील कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून, तर खडकी येथील अधरांगवात पुनर्वसन केंद्र १९७४ पासून कार्य करीत आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झालेले सांगली जिल्ह्यातील जवान मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धांत ५० मी. मुक्त शैली जलतरणात सुवर्णपदक मिळविले.